आईबाप मनाने आजारी असता मुलांचे काय?

घरातील आई किंवा बाप मनाच्या आजाराने आजारी पडला की चार माणसे चौकशीला येतात. कोणत्या डॉक्टरांकडे नेले, गोळ्या किती, गुण वाटतो का, भाताची लावणी कोण उरकणार, म्हशीची धार कोण काढते, सारे विचारले जाते. दवाखान्यातही तसेच. रोग्याचे नाव, वय, झोप, भूक, पूर्वीचे दुखणे सर्व कागदावर उतरते. पण घरात मुले किती आहेत, ती सध्या कोणापाशी आहेत, आणि आपल्या आईला किंवा बापाला काय झाले आहे हे त्यांना कोणी सांगितले आहे काय, एवढे विचारणारा माणूस क्वचितच भेटतो. या वेळी आम्ही त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी लिहीत आहोत.

मनाचे आजार अनेक आहेत. नैराश्यात माणसाला कशातच रस वाटत नाही, झोप व भूक बिघडते, जगणे नकोसे होते. स्किझोफ्रेनियात नसलेले आवाज ऐकू येतात, आपल्याच माणसांचा संशय येतो. द्विध्रुवी विकारात कधी अतोनात उत्साह, बडबड व उधळेपणा, तर कधी खोल खिन्नता अशा पाळ्या येतात. दारूचे व्यसनही याच रांगेत बसते, जरी आपण त्याला आजार म्हणावयास कुरकुरत असलो तरी. या सर्वांवर उपचार आहेत. कोणता आजार कोणत्या औषधाने बरा होतो तो विषय मोठा आहे व तो डॉक्टरांचा आहे. आम्हांस बोलावयाचे आहे ते त्याच घरात राहणाऱ्या मुलांविषयी.

मुले आंधळी नसतात. आई तीन आठवडे वेणीफणी करीत नाही, चुलीपुढे बसल्या बसल्या रडते, रविवारी मिस्साला येईनाशी होते. बाप रात्रभर अंगणात येरझारा घालतो, शेजाऱ्याने विहिरीत काही टाकले आहे म्हणून घरचे पाणी कोणाला पिऊ देत नाही. हे सहा वर्षांच्या पोरालाही दिसते. मोठी माणसे त्याला ‘काही नाही, जा खेळायला’ म्हणून बाहेर काढतात. हेतू चांगलाच असतो. पण डोळ्यांना दिसते ते ‘काही नाही’ असे ऐकले की मूल स्वतःच त्याचा अर्थ लावू लागते, आणि मुलाने लावलेला अर्थ बहुधा खऱ्याहून भयंकर असतो.

पहिला अर्थ असा की, हे माझ्यामुळे झाले. मी अभ्यास केला नाही, मी दुधाचे भांडे सांडले, म्हणून आई अशी झाली. लहान मुलाला जगातील सर्व गोष्टी आपल्याभोवती फिरतात असे वाटत असते, त्यामुळे हा दोष ते सहज आपल्या अंगावर घेते. शिवाय चिडलेल्या घरात ‘तुमच्यामुळेच तिचं डोकं फिरलं’ असे वाक्य एखादे वेळी मोठ्यांच्या तोंडून निघूनही जाते. मोठी माणसे ते संध्याकाळपर्यंत विसरतात. मूल विसरत नाही.

दुसरा अर्थ असा की, हे मलाही होणार. ही भीती मुले तेराव्या-चौदाव्या वर्षी मनात धरतात आणि वर्षानुवर्षे बाहेर काढीत नाहीत. तिची भर आपण मोठी माणसेच घालतो. ‘त्या घरात वेड आहे’ असे म्हणून सोयरीक मोडणारे आपल्यातही आहेत. म्हणून येथे खरे काय ते सांगणे जरूर आहे. काही मनोविकारांचा कल रक्तातून थोडासा उतरतो, हे खोटे नाही. स्किझोफ्रेनिया घ्या. साधारण शंभर माणसांत सुमारे एकाला तो आयुष्यात कधीतरी होतो. आई किंवा बाप यांपैकी एकाला तो असेल, तर मुलांमध्ये हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जाते. वाढ झाली हे खरे. पण दुसऱ्या बाजूने पाहा, दहापैकी सुमारे नऊ मुलांना तो होत नाही. अशा घरांतील मुलांना काळजी, उदासी, झोप न लागणे, अभ्यासात मागे पडणे असे त्रास मात्र इतर मुलांहून अधिक होतात, आणि त्यांत रक्ताइतकाच वाटा घरातील रोजच्या ओढाताणीचा असतो. रक्त आपल्या हातात नाही. ओढाताण पुष्कळशी आहे.

तिसरा अर्थ सर्वांत फसवा आहे, कारण तो बाहेरून गुणासारखा दिसतो. आईला मीच बरे केले पाहिजे, असे मूल ठरविते. मग दहा-अकरा वर्षांची मुलगी पहाटे उठून भाकरी थापते, धाकट्याला न्हाऊ घालते, जनावरांना वैरण टाकते, आईच्या गोळ्यांची वेळ सांभाळते आणि शाळेत वहीवर डोके ठेवून झोपते. सुगीच्या दिवसांत तर ती शाळेत दिसतच नाही. गाव म्हणते, ‘केवढी शहाणी पोर!’ हे कौतुक ऐकून आम्हांस भय वाटते. कामाला आमचा विरोध नाही. शेतकऱ्याच्या घरचे मूल कामाला हात लावतेच आणि लावावाही. परंतु भांडी घासणे हे काम आहे, आणि आईने जिवाचे काही बरेवाईट करून घेऊ नये म्हणून रात्री जागत बसणे हा पहारा आहे. पहारा मोठ्या माणसाने द्यायचा असतो. ज्या घरात तो मुलाच्या वाट्याला आला आहे तेथे मुलाचे कौतुक पुरे करून काका, मामा, आत्या, मावशी यांच्यापैकी कोणीतरी रात्री झोपावयास गेले पाहिजे.

आता उपचारांकडे वळू. मुलांसाठी सर्वांत पहिला उपचार कोणता, तर आईबापांवरचा उपचार. हे आम्ही नुसते अंदाजाने म्हणत नाही. अमेरिकेत नैराश्यावर औषध घेणाऱ्या आया व त्यांची मुले अशा १५१ जोड्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांत ज्या आयांचे नैराश्य गेले त्यांच्या मुलांतील मानसिक तक्रारी कमी झाल्या होत्या, आणि ज्यांचे गेले नाही त्यांच्या मुलांतील तक्रारी वाढल्या होत्या. उपचार चालला होता तो आईवर. पुढे २०१२ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी निरनिराळ्या देशांतील १३ चाचण्या एकत्र मांडल्या. आजारी आईबापांच्या मुलांसाठी वेळीच काही कार्यक्रम हाती घेतला, कुटुंबाशी बोलणे केले, मुलांना आजार समजावून दिला, तर त्या मुलांना तोच आजार होण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी घटतो, असे त्यांना आढळले. औषधाच्या एका बाटलीवाचून एवढे होत असेल तर ते सोडून देण्यासारखे खास नाही.

म्हणून बरे वाटू लागताच गोळ्या बंद करणाऱ्यांना आम्ही विनवून सांगतो की तसे करू नका. शेतीच्या ऐन कामात गोळीने गुंगी येते, म्हणून कापणीपुरती ती सोडतात. मग कापणी होते आणि पाठोपाठ आजार परततो. गुंगी येत असेल तर ते डॉक्टरांना सांगावे. वेळ बदलता येते, मात्रा बदलता येते, औषधही बदलता येते. प्रार्थनेचा आधार ज्याने त्याने घ्यावाच, पण तिच्यासाठी गोळी थांबवावी असे कोठे सांगितलेले नाही.

इतके झाल्यावर प्रश्न उरतो की मुलांशी बोलावयाचे कोणी? डॉक्टर म्हणतात, आमचा रोगी मोठा माणूस, मुलांचे घरच्यांनी पाहावे. घरचे म्हणतात, आम्हांस काय कळते, डॉक्टरांनी सांगावे. या दोघांच्या मध्ये मूल बसून राहते. युरोपातील नॉर्वे देशाने या तिढ्याचे उत्तर कायद्यातच लिहून ठेवले आहे. १ जानेवारी २०१० पासून तेथे असा नियम आहे की, मनोविकार, व्यसन किंवा गंभीर शारीरिक आजार यांसाठी जो रोगी येईल त्याला अठरा वर्षांखालील मुले आहेत काय हे दवाखान्याने विचारले पाहिजे, मुलांना काय माहिती व कोणती मदत हवी याविषयी रोग्याशी बोलले पाहिजे, आणि इस्पितळात या कामाची जबाबदारी नेमून दिलेली माणसे असली पाहिजेत. शेजारच्या स्वीडननेही त्याच वर्षी असा कायदा केला. कायदा झाला म्हणून दुसऱ्या दिवसापासून सर्वत्र तो पाळला गेला असे मात्र नाही. नंतरच्या पाहण्यांत तेथेही पुष्कळ ठिकाणी हा प्रश्न विचारायचा राहून जातो असे दिसले. तरी प्रश्न विचारणे हे कोणाचे तरी काम ठरले, हे थोडे नव्हे.

फिनलंड देशात त्युट्टी सोलांताउस या बालमनोविकारतज्ज्ञ बाईंनी त्यासाठी एक सोपी रीत बसविली. तिचे नाव मराठीत सांगायचे तर ‘मुलांविषयी बोलू या’. रोग्यावर उपचार करणारी परिचारिका किंवा डॉक्टर त्याच्याशी एकदोन वेळा केवळ मुलांविषयी बोलतात. मुलाचे घरात, शाळेत, सवंगड्यांत काय चांगले चालले आहे, आणि कोठे अडते आहे, हे विचारतात. चांगले चालले आहे ते चालू राहावे म्हणून कोणी काय करायचे आणि अडते तेथे कोणी हात द्यायचा, ते ठरवितात. त्या बोलण्याला मुलाने हजर असलेच पाहिजे असेही नाही. आम्हांस या रीतीतील एक गोष्ट फार आवडली. आजारी माणसाला तेथे रोगी म्हणून नव्हे, आई म्हणून किंवा बाप म्हणून विचारले जाते. मनाने खचलेल्या बाईला ‘तुमच्या मुलाला काय आवडतं?’ असे कोणी विचारले, तर तेवढ्यानेही ती थोडी सावरून बसते.

आपल्या देशात मनाच्या आजारांची सेवा खेड्यापर्यंत नेण्याची खटपट जुनी आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्या कर्नाटकातलाच आहे. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम ठरला. १९८५ पासून बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व कर्मचारी यांना शिकवून तेथेच मनोरुग्णांवर उपचार करता येतात हे दाखविले. त्याच धर्तीवर १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आज जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ असतात. त्यांच्या जोडीला समुपदेशक किंवा समाजकार्यकर्ते असतात, आणि मुलांविषयी बोलण्यास हीच मंडळी अधिक योग्य. कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ योजनेखाली तालुक्याच्या इस्पितळांत ठराविक मंगळवारी मानसोपचाराचा दवाखाना भरतो. कोणता मंगळवार ते आशाताईंना विचारून जावे म्हणजे खेप फुकट जात नाही. मोठ्या आजारासाठी आपल्या भागास धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळची, गोव्याच्या बांधवांस बांबोळीची. नॉर्वेसारखा, मुलांची चौकशी करण्याचा नियम मात्र आपल्याकडे नाही. तेव्हा तो प्रश्न आपणच काढावयाचा.

एका बाबतीत आपला कायदाही बोलतो, ती म्हणजे तान्हे बाळ. बाळंतपणानंतर मन थोडे हळवे होणे, चार-आठ दिवस रडू येणे हे पुष्कळ जणींना होते व जाते. पण दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, बाळाकडे पाहवत नसेल, तर ते नैराश्य समजून दाखवावे. याहून वेगळा व तीव्र असा आजार हजार बाळंतिणींत एक-दोघींना होतो. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच झोप पार उडते, बडबड वाढते, बाळ बदलले आहे किंवा बाळात काही शिरले आहे असे बाई म्हणू लागते. घरचे लोक बाहेरची बाधा म्हणून उतारे करीत बसतात आणि मोलाचे दिवस जातात. हे तातडीचे दुखणे आहे, त्याच दिवशी इस्पितळ गाठावे, बाई व बाळ यांना क्षणभरही एकटे सोडू नये. लवकर उपचार झाला तर या आजारातून बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात.

अशा वेळी बाळ आईपासून तोडावे काय? बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई व बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा कक्ष आहे. घरची एक बाईही सोबत राहते. आईवर औषधोपचार चालतो आणि त्याच वेळी बाळाला घेणे, पाजणे, त्याच्याशी बोलणे हे तिला पुन्हा जमावे म्हणून मदत केली जाते. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही असे लिहिले आहे की, मानसोपचाराच्या संस्थेत दाखल झालेल्या बाईचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तिच्यापासून वेगळे करू नये. मुलाला धोका आहे असे मानसोपचारतज्ज्ञांचे मत झाले तर तात्पुरते वेगळे करता येते, पण तेव्हाही कोणाच्या देखरेखीखाली आईला मुलाची भेट मिळत राहिली पाहिजे. दर पंधरा दिवसांनी त्या निर्णयाचा फेरविचार झाला पाहिजे, आणि सलग तीस दिवसांवर वेगळे ठेवायचे तर वरच्या प्राधिकरणाची मंजुरी लागते. ‘हिला दाखल करा, पोर आम्ही घेऊन जातो, पुन्हा हिच्या हाती देणार नाही’ असे म्हणणाऱ्या सासरच्या मंडळींनी हे कलम ध्यानात घ्यावे.

मोठ्या मुलांविषयी दवाखान्यात कसे बोलावे? फार अवघड नाही. तपासणी संपत आली की सोबतच्या माणसाने म्हणावे, ‘डॉक्टर, घरात नऊ आणि तेरा वर्षांची दोन मुलं आहेत. त्यांना काय सांगावं, आणि तुम्ही किंवा समुपदेशक त्यांच्याशी पाच मिनिटं बोलाल का?’ गर्दीचा दिवस असेल तर पुढची तारीख मागावी व त्या दिवशी मुलांस न्यावे. आजारी आईची किंवा बापाची याला संमती असावी, निदान त्यांना आधी कल्पना द्यावी, कारण ‘माझ्या पाठीमागे मुलांना काय सांगताय?’ हा संशय उपचारात अडथळा आणतो. डॉक्टरांच्या तोंडून ‘हा आजार आहे, तुझी काही चूक नाही’ असे मुलाने एकदा ऐकले तर घरच्यांनी दहा वेळा सांगितल्याहून ते अधिक ठसते.

आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांनी एक खबरदारी घ्यावी. डॉक्टर कन्नड बोलणारे, आई मराठी बोलणारी, आणि शाळेत कन्नड शिकलेले मूल मध्ये दुभाषी, असे आपल्याकडे सर्रास चालते. ताप-खोकल्याला ते चालून जाते. पण आईच्या मनात मरणाचे विचार येतात काय, हा प्रश्न तिच्या बारा वर्षांच्या मुलाने तिला विचारावा आणि तिचे उत्तर डॉक्टरांना सांगावे, हे कोणत्याही मुलावर लादू नये. आईही मुलासमोर खरे बोलणार नाही, आणि उपचारच चुकेल. शेजारचा एखादा जाणता माणूस न्यावा, किंवा इस्पितळातील मराठी जाणणाऱ्या परिचारिकेस बोलवावे. हैदराबाद, बडोदे येथील वाचकांनाही हेच लागू आहे, भाषा तेवढी निराळी.

घरी सांगावयाचे ते मुलाच्या वयाच्या मापाने. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आजीने जवळ घेऊन एवढे सांगितले तरी पुरे, ‘बाळा, तुझ्या आईचं मन आजारी आहे. म्हणून ती रडते. तू काही केलं नाहीस. ती डॉक्टरांची गोळी घेते आहे. तोवर मी तुला जेवू घालीन.’ शेवटचे वाक्य लहान मुलाला सर्वांत मोलाचे असते, कारण आपल्याकडे कोण पाहील हीच त्याची चिंता असते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला आजाराचे नाव सांगावे. नाव मिळाले की गोष्ट आटोक्यात येते. बाबांना ऐकू येणारे आवाज त्यांना खरेच वाटतात, त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण ते म्हणतात ते तूही खरे मानायला हवे असे नाही, हेही त्याला समजते. मोठ्या मुलांना वर सांगितलेले दहापैकी नऊचे गणित सांगावे, आणि आईबापाच्या आजारात दारू-गांज्याचे खूळ आपल्या अंगाला लावून न घेणे हे त्यांच्या स्वतःच्या हातात आहे हेही सांगावे. बापाचा राग येतो, लाज वाटते, असे एखादा मुलगा बोलला तर त्याला पाप म्हणून दटावू नये. राग येण्यासारखेच असते ते. आणि ‘आई पुढल्या महिन्यात पूर्ण बरी होईल’ असे खोटे वचन मात्र देऊ नये. पुढल्या महिन्यात मूल ते आठवून ठेवते.

आजार ओसरलेला असताना, म्हणजे आई किंवा बाप शांतपणे बोलू शकतो अशा दिवसांत, घरच्यांनी एकत्र बसून पुढच्या खेपेची तजवीज एका कागदावर लिहून ठेवावी. आजार परतत असल्याची पहिली खूण कोणती, ती दिसली की कोणाला फोन करायचा, मुले रात्री कोणाकडे झोपतील, शाळेची फी व डबा कोण पाहील, जनावरे कोण सांभाळील. आजारी माणसानेच हे सांगितलेले असले तर पुढे मुले हलविताना भांडण होत नाही. मुलाला एक तरी मोठे माणूस असे असावे ज्याच्याकडे ते न विचारता जाऊ शकेल. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता किंवा धर्ममाता म्हणून उभे राहिलेल्यांनी येथे पुढे यावे. शाळेतील एका शिक्षकाला किंवा सिस्टरना घरची कल्पना द्यावी. वर्गभर सांगू नये, एकाला पुरे.

शेतकऱ्याच्या घरी आणखी एक गोष्ट आहे, कीटकनाशके व तणनाशके. ज्या घरात कोणी खिन्न आहे तेथे ही औषधे माळ्यावर, गोठ्यात किंवा पलंगाखाली ठेवू नयेत. लागेल तेवढेच आणावे, उरलेले भावकीत दुसऱ्याच्या घरी ठेवावे, आणि डबा कोठे आहे याची राखण मुलाकडे कधीही देऊ नये. डॉक्टरांच्या गोळ्याही एकदम महिन्याच्या हाती न देता मोठ्या माणसाने रोजच्या रोज द्याव्यात. ‘मला जगायचं नाही’ असे कोणी म्हणाले तर ते नाटक समजू नये.

मुलांतही काही खुणा दिसू लागतात. अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, पोट-डोके वारंवार दुखून डॉक्टरांना काही न सापडणे, शाळा टाळणे, सवंगड्यांना घरी न आणणे, एकाएकी फार गप्प किंवा फार गोड होणे. महिनाभर असे चालले तर मुलालाही दाखवावे. आणि आजारी माणूस मुलाला मारीत असेल, उपाशी ठेवीत असेल, तर आजार आहे म्हणून ते सोसायचे नाही. मुलाला आधी त्या घरातून हलवावे, मग बाकीचे.

पैशाविषयी थोडे. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात मनोविकारही येतो. दीर्घकाळच्या आजाराने ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व ठरले तर सरकारी इस्पितळातून प्रमाणपत्र मिळते व त्यावर निवृत्तिवेतनासारख्या सवलतींसाठी अर्ज करता येतो. केंद्र सरकारच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत, आईबाप असमर्थ असल्यामुळे मुलांचे पालनपोषण करू शकत नाहीत अशा कुटुंबातील मुलासाठी दरमहा ४००० रुपये साहाय्य देण्याची तरतूद २०२२च्या नियमांत आहे. खेड्यात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत असावे लागते. अर्ज जिल्हा बालसंरक्षण कक्षाकडे करावयाचा. मंजुरी मिळेलच असे नाही, निधीवर अवलंबून असते, पण अर्जच केला नाही तर काहीच मिळत नाही. मूल शाळेत टिकावे म्हणून हे पैसे आहेत, म्हशीचे हप्ते फेडण्यासाठी नव्हेत.

रात्री-अपरात्री विचारावयाचे तर ‘टेलिमानस’ ही सरकारी फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येते. मुलांवर संकट असेल तर १०९८. मारहाण चालली असेल किंवा कोणी जिवावर उदार झाला असेल तर ११२. हे तीन क्रमांक मोठ्या मुलालाही पाठ असू द्यावेत.

इस्पितळात जाताना आधीचे सर्व कागद, चालू गोळ्यांची पाकिटे आणि ओळखपत्र न्यावे. त्याबरोबर एका चिठ्ठीवर मुलांची नावे, वये, ती कोणत्या इयत्तेत आहेत आणि सध्या कोणाजवळ राहतात हे लिहून ती चिठ्ठी डॉक्टरांच्या टेबलावर कागदांच्या सर्वांत वर ठेवावी.